सिमेंटची अग्निपरीक्षा

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी एक म्हण मराठीत प्रसिद्ध आहे. संकट एकीकडे आणि उपाय भलतीकडेच, असा तिचा अर्थ आहे. आपल्या शहरांमध्ये आगीची एखादी मोठी दुर्घटना घडली की या म्हणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. चार दिवस हळहळ व्यक्त होते, चौकशी सुरू होते, नुकसानभरपाई जाहीर होते आणि काही महिन्यांनी काजळलेल्या भिंतींवर पांढरा रंग चढतो. पुन्हा यंत्रे सुरू होतात, पुन्हा माणसे कामाला येतात. परंतु त्या पांढऱ्या रंगाखालच्या भिंतीचे, छताचे आणि खांबांचे आगीत नेमके काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सिमेंट जळत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे, अशी आपली भाबडी समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे. कारण आपण ज्याला सिमेंट म्हणतो, ते सिमेंटच आज बदलू लागले आहे.

दिल्ली आणि तिच्या भोवतीचा राजधानी परिसर यांनी आगीचे दुःख वारंवार सोसले आहे. १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे अनाज मंडी भागातील एका इमारतीत, कारखान्यातच झोपलेल्या कामगारांसह ४३ जणांचा अंत झाला. १३ मे २०२२ रोजी मुंडका येथील चार मजली इमारतीत २७ जण दगावले. या तिन्ही ठिकाणी बहुतेकांचा जीव घेतला तो धुराने आणि बंद वाटांनी. पण आगीचे आणखी एक रूप असते. २ जानेवारी २०२० रोजी पीरागढीजवळच्या एका कारखान्याला आग लागली. ती विझवण्याचे काम चालू असतानाच स्फोट झाला, इमारतीचा भाग कोसळला आणि अग्निशमन दलाचा एक जवान मरण पावला. तेथे स्फोट झाला होता, म्हणून त्या कोसळण्याचा दोष केवळ सिमेंटला देता येणार नाही. मात्र एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. धूर आत अडकलेल्याला मारतो. कोसळणारे छत त्याला सोडवायला गेलेल्यालाही मारते. म्हणून आगीत इमारत किती वेळ उभी राहते, हा केवळ अभियंत्यांच्या वहीतला हिशेब नाही. तो माणसांच्या जिवाचा हिशेब आहे.

प्रथम आपल्या नेहमीच्या सिमेंटचा विचार करू. वाळू आणि खडी यांना जखडून ठेवणाऱ्या पदार्थाला बंधक म्हणतात. सिमेंट हा आजचा प्रमुख बंधक आहे. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की ते केवळ वाळत नाही; त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि दोन मुख्य पदार्थ तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचा मिळून बनलेला दाट, चिकट पदार्थ. काँक्रीटची खरी ताकद याच्यातच असते. दुसरा म्हणजे विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये या चुन्याचा वाटा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा असतो. सामान्य दिवसांत तो निरुपद्रवी असतो, किंबहुना सळईला गंजापासून वाचवण्यास मदतच करतो. आगीच्या वेळी मात्र तोच घराचा भेदी ठरतो.

तापमान शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की काँक्रीटच्या छिद्रांमधले मोकळे पाणी वाफ होऊन निघू लागते. पुढे चिकट पदार्थात बांधले गेलेले पाणीही हळूहळू सुटते. सुमारे तीनशे अंशांपर्यंत काँक्रीट आपली बरीचशी ताकद टिकवून धरते. चारशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान विरलेल्या चुन्यातले पाणी निघून जाते आणि त्याचा कळीचा चुना होतो. सहाशे अंशांच्या सुमारास काँक्रीटची साधारण निम्मी ताकद गेलेली असते. कधी त्याहूनही अधिक. आगीची मानक चाचणी ज्या भट्टीत घेतली जाते, तिचे तापमान पहिल्या अर्ध्या तासातच सुमारे ८४० अंशांपर्यंत आणि तासाभरात सुमारे ९४५ अंशांपर्यंत नेले जाते. प्लॅस्टिक, कापड, पुठ्ठा, रसायने यांनी भरलेल्या कारखान्यातील आग याहून सौम्य असेल, असे मानण्याचे कारण नाही. सुदैवाने काँक्रीटमधून उष्णता सावकाश आत शिरते, त्यामुळे पृष्ठभाग तापला तरी गाभा काही काळ थंड राहतो. हा ‘काही काळ’ म्हणजेच माणसांना बाहेर पडण्यासाठी मिळालेली सवलत होय.

खरी फसवणूक आग विझल्यानंतर सुरू होते. ज्यांनी कळीचा चुना पाण्यात विरवताना पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की तो कसा उकळतो, फुटतो आणि फुगतो. आगीत तयार झालेला कळीचा चुना बंबाच्या पाण्याने किंवा पुढे पावसाळी हवेतील ओलाव्याने पुन्हा विरतो. तेव्हा त्याचे आकारमान सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. दगडासारख्या घट्ट पदार्थाच्या पोटात असा फुगवटा आला की त्याला तडे जाणारच. म्हणूनच आगीच्या दुसऱ्या दिवशी धडधाकट दिसणारे छत काही आठवड्यांनी कमकुवत झालेले असू शकते. वरून रंग दिल्याने हा रोग बरा होत नाही, फक्त झाकला जातो.

आता नव्या बंधकांकडे वळू. सिमेंट बदलण्याची गरज का भासली? नेहमीच्या सिमेंटसाठी चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजावी लागतात. या भाजणीत इंधन जळते आणि स्वतः चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के वायू एकट्या सिमेंट उद्योगातून निघतो. दिवाळीनंतर दिल्लीचे आकाश कसे कोंदटते, हे सर्वांनी पाहिले आहे. त्या धुक्याची कारणे वेगळी असली, तरी हवा ही फुकट आणि अमर्याद नाही, एवढा धडा राजधानीने पुरता घेतला आहे. त्यातच औष्णिक वीजकेंद्रांमधून निघणाऱ्या राखेचा प्रश्न होता. दिल्लीच्या सीमेवरचे बदरपूरचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले. पण त्याच्या राखेच्या तलावाने शेकडो एकर जमीन व्यापली होती. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या परिसरातील बांधकामात राखेचा वापर बंधनकारक करण्यास सुरुवात केली. अशा रीतीने टाकाऊ राख सिमेंटच्या पोत्यात आली.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पर्यायी बंधक ही दूरच्या भविष्यातली गोष्ट नाही. आज दुकानातून आणलेल्या सिमेंटच्या पोत्यावर ‘पी.पी.सी.’ ही अक्षरे असतील, तर भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. ‘पी.एस.सी.’ असे लिहिले असेल, तर त्यात लोखंडाच्या भट्टीतील मळी २५ ते ७० टक्के असते. म्हणजे आपल्यापैकी अनेकजण अशाच घरांत राहत आहेत. आणि कल्पनाही मुळीच नवी नाही. मोगलकाळातील बांधकामे चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, यांनी जोडलेली आहेत. महाराष्ट्रातील वाडे आणि किल्ले बांधतानाही बैल जुंपून फिरवलेल्या घाणीत चुना मळला जाई. भाजलेली माती आणि चुना यांची ती जुनी जोडीच आज नव्या रूपात परत आली आहे. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारत येथील संशोधकांनी मिळून विकसित केलेल्या ‘एल.सी.थ्री’ या सिमेंटमध्ये नेहमीच्या भाजलेल्या सिमेंटखड्यांचा, म्हणजे क्लिंकरचा, वाटा केवळ निम्मा असतो. उरलेल्या भागात सुमारे ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडे जिप्सम असते. माती भाजायला सातशे-आठशे अंश पुरतात. दिल्ली, मुंबई आणि मद्रास येथील आय.आय.टी. संस्था या कामात सहभागी होत्या. २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोने या प्रकारच्या सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले.

हे नवे बंधक आगीत कसे वागतात? राख आणि मळी यांचे उत्तर आशादायक आहे. राखेतील सिलिका सिमेंटमधल्या विरलेल्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि त्याचे रूपांतर त्याच उपयुक्त चिकट पदार्थात करते. घराचा भेदीच घरच्या कामाला लागतो म्हणा ना! चुना कमी उरला की आगीनंतर फुगून तडे जाण्याचा धोकाही कमी होतो. म्हणून योग्य प्रमाणात राख किंवा मळी घातलेले काँक्रीट आगीनंतर अनेकदा साध्या सिमेंटच्या काँक्रीटपेक्षा अधिक ताकद राखते. परंतु ही क्रिया सावकाश होते आणि तिला ओलावा लागतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे, तर राखमिश्रित सिमेंटसाठी किमान दहा दिवस आणि शक्यतो चौदा दिवस मारावे, असे आपली मानक संहिता सांगते. दिल्लीच्या मे महिन्यात दुपारी लू वाहत असताना तिसऱ्याच दिवशी पाणी मारणे थांबवले, तर राख राखच राहते. मग दोष राखेचा की आपला?

भाजलेल्या मातीच्या सिमेंटबाबत घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. माती एकदा भट्टीतून निघालेली आहे, तेव्हा तिला आगीचे भय कसले, असे वाटते. वीट आगीत टिकते ती याच कारणाने. पण सिमेंटमध्ये गेल्यावर ती माती माती राहत नाही. चुना आणि पाणी यांच्याशी संयोग पावून ती नवा पदार्थ बनते आणि त्या पदार्थातले पाणी उष्णतेने सुटतेच. यात विरलेला चुना फार कमी उरतो, ही जमेची बाजू. त्याची छिद्रे अतिशय बारीक असतात, ही पाण्यापासून आणि गंजापासून बचावाची बाजू; मात्र आगीत हीच गोष्ट उलटू शकते. आत अडकलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती काँक्रीटचे थर उडवून टाकते. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या बोगद्यात आग लागली, तेव्हा तेथील उत्तम प्रतीच्या, दाट काँक्रीटचे असेच पापुद्रे उडाले आणि काही ठिकाणी त्याची जाडी अगदी थोडी उरली. अधिक मजबूत म्हणजे अधिक अग्निरोधक, हे समीकरण त्या आगीने खोटे ठरवले. यावर एक साधा उपाय सापडला आहे. काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मिसळतात. सुमारे १६० ते १७० अंशांना ते वितळतात आणि वाफेसाठी वाटा मोकळ्या होतात.

तिसरा प्रकार म्हणजे ज्यात नेहमीचे सिमेंट मुळीच नसते, असा बंधक. राख किंवा मळी यांवर कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांसारख्या तीव्र क्षारांची क्रिया घडवून तो तयार करतात. १९५० च्या दशकात कीव्ह येथे ग्लुखोव्स्की यांनी मळीपासून असा बंधक बनवला. पुढे फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोवित्स यांनी या वर्गाला ‘जिओपॉलिमर’ हे नाव दिले. दाविदोवित्स यांना या संशोधनाची प्रेरणा आगीतूनच मिळाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर १९७० च्या पहाटे फ्रान्समधील एका नृत्यगृहाला लागलेल्या आगीत १४६ जण मरण पावले. त्या काळात तेथे लागलेल्या अशा आगींनंतर न जळणारा पदार्थ शोधण्याच्या कामी ते लागले. राखेपासून बनवलेल्या जिओपॉलिमरमध्ये विरलेला चुना नसतो आणि त्याच्या सांगाड्यात बांधलेले पाणीही फार थोडे असते. त्यामुळे काही प्रयोगांत तर तो तापवल्यावर अधिक घट्ट झालेला आढळला आहे. ग्रेटर नोएडा येथील एन.टी.पी.सी.च्या ‘नेत्रा’ या संशोधन संस्थेने राखेपासून अशा बंधकांवर काम केले आहे. २०२० साली भारतीय मानक ब्यूरोने कारखान्यात बनवलेल्या काँक्रीटच्या वस्तूंसाठी त्याविषयी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या.

मग सगळीकडे हाच बंधक का वापरू नये? येथे प्रयोगशाळेतला तुकडा आणि प्रत्यक्ष घराचा खांब यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. तापल्यावर हा बंधक आकसतो आणि त्यातली खडी मात्र प्रसरण पावते. एकाच घरात दोघे विरुद्ध दिशांना ओढू लागले की घर दुभंगते. तसेच येथे होते आणि ताकद घटते. शिवाय मळीचे प्रमाण वाढवले की त्यात बांधलेले पाणीही वाढते. त्याच्या निर्मितीत वापरला जाणारा कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळणारा असतो. हातमोजे आणि चष्मा न देता बिगाऱ्याच्या हाती तो दिला, तर आगीपासून वाचवणाऱ्या वस्तूनेच आपण त्याला भाजल्यासारखे होईल. आणखी एक बंधक उच्च तापमानासाठी विख्यात आहे. तो म्हणजे ॲल्युमिनायुक्त सिमेंट. भट्ट्यांच्या अस्तरासाठी त्याला तोड नाही. पण उष्ण आणि दमट हवेत त्याची अंतर्रचना बदलून ताकद कमी होते. १९७३-७४ मध्ये ब्रिटनमध्ये अशा सिमेंटची छते कोसळली, तेव्हा हा धोका जगाला कळला. भट्टीला जे मानवते, ते घराला मानवेलच असे नाही.

खडीचा उल्लेख आला, म्हणून एक फरक सांगणे आवश्यक आहे. दिल्लीतील गवंडी जाड वाळूला आजही ‘बदरपूर’ म्हणतात. दिल्लीभोवतीच्या अरवलीचा खडक मुख्यतः क्वार्टझाइट आहे. त्यातील आणि नदीच्या वाळूतील क्वार्ट्‌झ हे खनिज ५७३ अंशांना आपली रचना बदलते आणि एकाएकी फुगते. महाराष्ट्रातील खडी मात्र बहुतांशी काळ्या पाषाणाची, म्हणजे ज्वालामुखीच्या रसापासून बनलेल्या बेसाल्टची असते. त्यात क्वार्ट्‌झ फारसे नसल्याने तो उष्णतेत अधिक स्थिर राहतो. याचा अर्थ असा की एकाच कंपनीचे एकच सिमेंट दिल्लीत आणि पुण्यात आगीला सारखाच प्रतिसाद देईल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून परदेशातील प्रयोगाचा अहवाल पुढे करून येथे निश्चिंत होता येणार नाही.

या सर्व विवेचनातून माझे मत पुढीलप्रमाणे बनले आहे. नव्या बंधकांना केवळ ते नवे आहेत म्हणून विरोध करणे चुकीचे आहे. ज्या जुन्या सिमेंटवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, तेही आगीत निर्दोष ठरत नाही. राख, मळी आणि भाजलेली माती यांचा वापर वाढलाच पाहिजे. हवेचे आणि जमिनीचे हित त्यात आहे. परंतु बाजारात येणाऱ्या प्रत्येक बंधकाला ‘अग्निरोधक’ हे बिरूद लावून विकणे तितकेच घातक आहे. आज सिमेंटची परीक्षा मुख्यतः एकाच प्रश्नावर होते: अठ्ठावीस दिवसांनी त्याची ताकद किती भरते? माझ्या मते त्याच्याशेजारी आणखी दोन प्रश्न मांडले पाहिजेत. भार अंगावर असताना या बंधकाचा खांब किंवा स्लॅब आगीत किती वेळ टिकतो? आणि आग विझून तो भिजल्यानंतर त्याची किती ताकद उरते? या चाचण्यांसाठी आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेत आगीच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा आहे. हरियाणातील बल्लभगड येथे राष्ट्रीय सिमेंट व बांधकाम साहित्य परिषद आहे. येथील वाळू, येथील खडी आणि येथील उन्हाळा धरून या चाचण्या व्हाव्यात आणि त्यांचे निष्कर्ष सामान्य ग्राहकाला समजतील अशा भाषेत जाहीर व्हावेत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की इतक्या चाचण्यांमुळे घरे महाग होतील आणि गरिबांना ती परवडणार नाहीत. हा आक्षेप वरवर पाहता योग्य वाटतो. परंतु एका प्रकारच्या बंधकाची चाचणी प्रत्येक घरासाठी करायची नसते. ती एकदा नीट केली की लाखो घरांना उपयोगी पडते. तिचा खर्च एका पोत्यावर नगण्य येतो. उलट चाचणी न केल्याचा खर्च कोण भरतो, ते पाहा. मालक बहुधा दुसरीकडे राहतो. तळघरात, पोटमाळ्यावर, यंत्रांच्या मधल्या जागेत झोपतो तो बिहार, उत्तर प्रदेश किंवा मराठवाड्यातून पोटासाठी आलेला कामगार. स्वस्त बांधकामाची खरी किंमत त्याच्याकडून वसूल होते. गरिबाच्या नावाने सुरक्षितता कमी करणे, हा गरिबावर केलेला उपकार नव्हे.

बंधक कितीही उत्तम असला, तरी तो एकटा इमारत वाचवू शकत नाही. काँक्रीटमधील लोखंडी सळई साडेपाचशे ते सहाशे अंशांना सुमारे निम्मी ताकद गमावते, मग भोवतीचे सिमेंट कोणत्याही प्रकारचे असो. तिला उष्णतेपासून वाचवतो तो तिच्यावरचा काँक्रीटचा थर. दोन तास आग सोसण्यासाठी साध्या आधारावरील स्लॅबमध्ये ३५ मिलिमीटर आणि खांबात ४० मिलिमीटर जाडीचा थर असावा, असे मानक संहितेचे म्हणणे आहे. ही जाडी ठेवण्यासाठी सळईखाली जो छोटा ठोकळा ठेवतात, त्याची किंमत अगदी किरकोळ असते. अनेक ठिकाणी त्याऐवजी खडीचा तुकडा सरकवला जातो, किंवा तेवढेही केले जात नाही आणि सळई थेट फळीवर टेकते. हे काम प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ करत नाही. ते गवंडी आणि सेंट्रिंगवाला करतो. आपल्यापैकी जे बांधकामावर काम करतात, त्यांच्या हाताने लावलेला हा ठोकळा कुणाच्या तरी प्राणाची दोन तासांची हमी असते. कामाचा असा मोठेपणा फार थोड्या व्यवसायांच्या वाट्याला येतो.

आग लागून गेलेल्या इमारतीबाबतही काही गोष्टी सामान्य माणसाने ओळखाव्यात. राखाडी काँक्रीट गुलाबी किंवा लालसर झाले असेल, तर तेथे तापमान तीनशे अंशांच्या पुढे गेले असण्याची शक्यता असते. ते पांढुरके किंवा फिकट दिसत असेल, तर सहाशेच्याही पुढे. खडीच्या प्रकारानुसार हा रंग कमीअधिक दिसतो, म्हणून त्यावर अंतिम निर्णय करू नये. हातोडीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी पोकळ आवाज येणे, पापुद्रे सुटणे, सळई उघडी पडणे, छत झुकणे या खुणा दिसल्या, तर त्या छताखाली थांबू नये. अभियंत्याने नमुने काढून तपासणी केल्याशिवाय आणि तसे लेखी दिल्याशिवाय जळालेली जागा पुन्हा वापरात आणू नये, असा दंडक असावा, असे मला वाटते. भाडेकरूला आणि कामगाराला ते प्रमाणपत्र पाहण्याचा अधिकार असावा. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, तेव्हा त्या मजल्यांचे व्यापक नूतनीकरण करण्यात आले. राज्यकारभार जेथे चालतो, त्या इमारतीची जी काळजी घेतली जाते, तीच एखाद्या गल्लीतल्या कारखान्याची का घेतली जाऊ नये?

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उपहार, अनाज मंडी आणि मुंडका येथे माणसे गेली, ती सिमेंट कमकुवत होते म्हणून नव्हे. धुराला बाहेर पडायला आणि माणसांना सुटायला पुरेशी वाट नव्हती. जगातील सर्वोत्तम बंधक वापरला, तरी जिन्यात माल रचून ठेवला, दाराला बाहेरून कुलूप लावले आणि खिडक्या गजांनी बंद केल्या, तर ती इमारत भक्कम राहील. आतली माणसे मात्र राहणार नाहीत. बंधक आपल्याला देतो तो केवळ वेळ: अर्धा तास, एक तास, दोन तास. त्या वेळाचे सोने करायचे की माती, हे उघड्या दारावर, मोकळ्या जिन्यावर आणि सावध माणसांवर अवलंबून असते.

म्हणून यापुढे घर बांधताना, भाड्याने घेताना किंवा एखाद्या कारखान्यात कामाला लागताना आपण दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या. ही भिंत आगीत किती वेळ उभी राहील? आणि तेवढ्या वेळात मी कोणत्या वाटेने बाहेर पडेन? पहिल्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी, उत्पादकांनी आणि शासनाने द्यायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर मालकाने द्यायचे आहे. पण प्रश्न विचारण्याचे काम आपले आहे. ते आपण केले नाही, तर बंब सोमेश्वरीच राहील.